आश्चर्य, विस्मय आणि आंग्ल कोशकार

इंग्रजी भाषा शिकूं लागलेल्या मराठी विद्यार्थ्यास ज्या अनेक अडचणी येतात, त्यांपैकीं समानार्थक भासणाऱ्या शब्दांची अडचण सर्वांत फसवी होय. व्याकरणाचे नियम कितीहि कठीण असले तरी ते नियम असतात. घोटले कीं साधतात. परंतु ‘सरप्राइझ’, ‘ॲस्टॉनिश’, ‘अमेझ’ आणि ‘वंडर’ हे चार शब्द एकापुढें एक उभे राहिले म्हणजे घोटण्यासारखें कांहींच हातीं लागत नाहीं. खिशांत मावणारा एखादा इंग्रजी-मराठी कोश उघडावा, तर चारींच्यापुढें ‘आश्चर्य’ हा एकच शब्द थोड्याफार फरकानें छापलेला. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेल्या माळशिरससारख्या तालुक्यांत मुलाच्या कानांवर इंग्रजी घरीं पडत नाहीं. पुस्तकांतून जें मिळेल तेंच त्याचें भांडवल. तो मुलगा चार शब्द एकाच अर्थानें शिकतो, परीक्षेंत ते कोठेंहि बसवितो, आणि उत्तरावर फुली आली म्हणजे ती कां आली हें त्यास कोणी सांगत नाहीं. येथवरचें नुकसान गुणांचें असतें. पण पुढें एक दुसरें नुकसान होतें, आणि तें अधिक मोठें आहे. सारे इंग्रजी शब्द एका ‘आश्चर्या’त कोंबण्याची संवय लागली म्हणजे आपल्या घरचे नवल, विस्मय, कौतुक, थक्क, चकित, दिङ्मूढ हे शब्दहि त्यास एकच वाटूं लागतात. परक्या भाषेंतील भेद समजले नाहींत म्हणून स्वभाषेंतील भेद पुसले जावे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

‘मराठी भाषाच मुळीं दरिद्री, तिच्यांत एवढ्या छटा कोठून असणार?’ असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आपणांपैकीं प्रत्येकास भेटलेले आहेत. या म्हणण्यांत तथ्य नाहीं हें दाखविण्यास इतिहासाकडे वळणेंच बरें. आणि योगायोग असा कीं या इतिहासाचा आरंभ सोलापूर जिल्ह्यांतच होतो.

सन १८१८ च्या फेब्रुवारींत पंढरपुराजवळील आष्टी येथें दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्यास जनरल स्मिथच्या घोडदळानें गांठलें. बापू गोखले तेथें पडले, छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले, आणि बाजीराव निसटून गेला. त्याच वर्षीं मे महिन्यांत मन्रोनें सोलापूरचा किल्ला घेतला. आष्टीस जें घडलें त्यास इंग्रजी लष्करी भाषेंत ‘सरप्राइझ’ म्हणतात. आपल्यास हा शब्द वाढदिवसाच्या भेटवस्तूंवरून परिचित झाला असल्यामुळें त्याचा हा अर्थ ऐकून चमकावयास होतें. परंतु हाच त्याचा मूळचा अर्थ. जुन्या फ्रेंच भाषेंतील ‘वरून’ आणि ‘पकडणें’ अशा दोन अवयवांचा तो झाला आहे. शत्रु बेसावध असतां त्याजवर झडप घालणें, त्याला अवचित धरणें, हें त्याचें मर्म. मराठ्यांच्या भाषेंत यासाठीं ‘छापा’ हा शब्द होताच, आणि त्या विद्येंत मराठ्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. मनाच्या स्थितीस हा शब्द मागाहून लागला, तोहि याच धोरणानें: मनाला एखादी गोष्ट अवचित येऊन धरते, मन बेसावध सांपडतें.

एका विख्यात आंग्ल कोशकाराची एक आख्यायिका इंग्रजी शिक्षकांना फार प्रिय आहे. ती खरी असण्याचा संभव थोडा. एकीहून अधिक कोशकारांच्या नांवावर ती सांगतात. कोशकार महाशय घरांतील दासीशीं नको तितकी जवळीक करीत असतां पत्नी दारांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘मी सरप्राइझ झालें!’ त्यावर पंडितानें तिची दुरुस्ती केली: ‘नव्हे, सरप्राइझ मी झालों, तूं ॲस्टॉनिश झालीस.’ म्हणजे बेसावध पकडला गेला तो नवरा, आणि जिच्या डोक्यावर जणूं वीज पडली ती बायको. गृहस्थाच्या वर्तनाविषयीं बोलावयास नकोच; पण शब्दांचा निवाडा मात्र त्यानें बिनचूक केला.

आष्टीच्या लढाईनंतर थोड्याच वर्षांत सोलापूरच्या लष्करी छावणींत जेम्स टॉमस मोल्सवर्थ नांवाचा कंपनीच्या फौजेंतील एक तरुण अधिकारी मराठी शब्द टिपून घेऊं लागला. पुढें टॉमस कँडी हा त्याचा साहाय्यक झाला. त्याचा जुळा भाऊ जॉर्ज यानेंहि या कामीं हात लावला. माळशिरस त्या काळीं सोलापुराकडे नव्हतें. नीरेच्या दक्षिणेकडील हा मुलूख सातारच्या छत्रपतींच्या राज्यांत मोडत होता आणि सोलापूर जिल्ह्यांत तो त्या शतकाच्या उत्तरार्धांत आला. तथापि भाषेस जिल्ह्याच्या सीमा नसतात. भीमा आणि नीरा यांच्या कांठची बोली त्या छावणीच्या बाजारांत रोज ऐकूं येत असलीच पाहिजे. मुंबई सरकारनें या कामास मान्यता दिल्यावर शास्त्रीमंडळींच्या मदतीनें मुंबईस कोश सिद्ध झाला आणि सन १८३१ मध्यें तो प्रसिद्ध झाला. सन १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दांची संख्या सुमारें साठ हजारांवर गेली. त्या काळच्या लोकांनीं या साहेबास ‘मोलेसरशास्त्री’ अशी पदवी प्रेमानें दिली. ज्यांचें राज्य गेलें त्यांनींच ती दिली, हें विशेष.

मोल्सवर्थच्या पूर्वीं कोश नव्हते असें नाहीं. श्रीरामपूरच्या केरीचा कोश १८१० सालीं झाला होता. व्हान्स केनेडीचा १८२४ सालीं. शास्त्र्यांनीं केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून निघूं लागला होता. परंतु मोल्सवर्थचा विशेष हा कीं, त्यानें मराठी शब्दास एकच इंग्रजी प्रतिशब्द देऊन वाटेस लावलें नाहीं. शब्द कोणत्या संदर्भांत येतो, कोणत्या क्रियापदाबरोबर चालतो, शिष्ट लोक वापरतात कीं कुणबी वापरतात, संस्कृतांतून आला कीं फारशींतून, याची खूण तो करीत जातो. कोशकारास कान असावा लागतो, आणि या गृहस्थास तो होता. त्याच्या कोशाचें कोणतेंहि पान उघडलें तरी आपलीच भाषा आपणांस दुसऱ्याच्या मुखानें ऐकूं येते.

याच्या उलट दिशेचें काम, म्हणजे इंग्रजीवरून मराठी, कँडीनें पुरें केलें. आरंभ मोल्सवर्थनेंच केला होता. परंतु प्रकृति बिघडून तो १८३६ सालीं विलायतेस गेला आणि इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं कँडीच्या हातून बाहेर पडला. या दोन दिशांत एक महत्त्वाचा भेद आहे. मराठी शब्द पुढें ठेवून त्याचा अर्थ इंग्रजींत सांगावयाचा असतां कोशकार मराठीच्या छटा शोधतो. इंग्रजी शब्द पुढें ठेवला म्हणजे त्यास जेथें छटा दिसते तेथें मराठींत जागा करून द्यावी लागते, आणि जागा मिळाली नाहीं तर जवळचा मोठा शब्द घेऊन भागवावें लागतें. कँडी व त्याच्या मागून सन १९०३ ते १९१६ या काळांत मोठा कोश काढणारे नीळकंठ बाबाजी रानडे यांच्यासारख्यांनीं ही जागा करून देण्याची खटपट पुष्कळ केली. मोठ्या कोशांवरून लहान कोश झाले, लहानांवरून मार्गदर्शिका झाल्या, आणि प्रत्येक उतरणीवर एकेक प्रतिशब्द गळत गेला. शेवटीं ‘आश्चर्य’ तेवढें उरलें. या गळतीचा दोष परक्या कोशकारांच्या माथीं मारण्याची आपली रीत मला अन्यायाची वाटते; त्यांनीं भरलेलें कोठार आपणच सांडलें.

आतां शब्दांकडे वळूं.

‘ॲस्टॉनिश’ या शब्दाच्या पोटांत लॅटिन भाषेंतील गडगडाट आहे. ज्याच्यावर मेघगर्जना कोसळली, ज्याचे कान बधिर झाले, तो ॲस्टॉनिश झाला. डोक्यावर तडाखा बसून मनुष्य सुन्न होतो त्यास इंग्रजींत ‘स्टन’ म्हणतात, तोहि याच घराण्यांतला. आणि ‘ॲस्टाउंड’ हा तर सख्खा भाऊ. तीन-चारशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत खऱ्याखुऱ्या शारीरिक आघातासहि हा शब्द लावीत. म्हणून त्याचा बरोबर मराठी प्रतिशब्द शोधावयाचा तर ‘आश्चर्य’ कामाचें नाहीं; ‘थक्क’ किंवा ‘स्तंभित’ हे जवळचे. स्तंभित म्हणजे खांबासारखा झालेला. आणि थक्क या शब्दाचा धातु प्राकृतांत ‘थांबणें, उभें राहणें’ या अर्थीं येतो. मन चालतां चालतां जागच्या जागीं थांबतें, ही ती अवस्था. एडमंड बर्क यानें १७५७ सालीं भव्य व सुंदर यांजवर जो निबंध लिहिला त्यांत याच अवस्थेस भव्यतेचा सर्वोच्च परिणाम म्हटलें आहे: मनाचे सारे व्यापार थबकतात आणि त्यांत भीतीचा अंश असतो. ‘वज्राहत’ हा संस्कृत शब्द व्युत्पत्तीनें ॲस्टॉनिशच्या हुबेहूब जोडीचा. परंतु मराठीनें तो दुःखाकरितां राखून ठेविला आहे, आणि सुखाच्या थक्क होण्यास तो लावणें हास्यास्पद होईल. व्युत्पत्ति वाट दाखविते, पण घरांत रूढीच नेते.

‘अमेझ’ची गोष्ट याहून मनोरंजक आहे. हा शब्द फ्रेंचांतून आलेला नाहीं. अस्सल जुन्या इंग्रजींतला आहे, आणि गोंधळून टाकणें, मति गुंग करणें हा त्याचा प्राचीन अर्थ. ज्यांत शिरलें असतां बाहेर पडण्याची वाट सांपडत नाहीं अशा भूलभुलावणीच्या रचनेस इंग्रजींत ‘मेझ’ म्हणतात, तो शब्द याच मुळाचा. म्हणजे अमेझ झालेला मनुष्य वाट चुकलेला असतो. आतां आपल्या ‘दिङ्मूढ’ शब्दाकडे पाहावें. दिशांविषयीं मूढ झालेला, कोणीकडे जावें हें न कळणारा! पृथ्वीच्या दोन टोकांस दोन भाषांनीं एकच चित्र काढलें आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायांत विश्वरूप पाहतांना अर्जुन प्रथम विस्मयानें व्यापला जातो, अंगावर रोमांच उभे राहतात. पुढें त्या रूपाच्या दाढा व ज्वाळा पाहिल्यावर मात्र आपणांस दिशा कळेनाशा झाल्या असें तो म्हणतो. विस्मयापासून दिङ्मूढतेपर्यंतचा हा प्रवास कवीनें नेमक्या पायऱ्यांनीं दाखविला आहे. तेथें दोन्ही ठिकाणीं ‘आश्चर्य’ घालून भाषांतर करणारा अर्जुनाची अर्धी कथा गाळतो.

विस्मय या शब्दाचें मूळ ‘स्मि’ धातूंत आहे, आणि स्मि म्हणजे मंद हसणें. नाट्यशास्त्रांत भरतानें अद्भुत रसाचा स्थायीभाव म्हणून विस्मयच सांगितला. त्यांत घाबरणें नाहीं, थबकणें नाहीं; ओठांवर फुटूं पाहणारें हसूं आहे. भाषाशास्त्रज्ञांनीं याच धातूचे नातलग युरोपांत शोधून काढले आहेत. इंग्रजींतील ‘स्माइल’ हा एक. आणि लॅटिन भाषेंतील ज्या शब्दापासून ‘मिरॅकल’, ‘मार्व्हल’ आणि ‘ॲडमायर’ हे शब्द झाले तोहि त्याच कुळांतला. संस्कृतांत विस्मयास आणखी एक अर्थ आहे, तो गर्वाचा. तपाचा विस्मय बाळगूं नये, असें मनुस्मृति सांगते तेथें तो दिसतो. आपल्याच कृतीकडे पाहून हसूं येऊं लागलें म्हणजे गर्व झाला, असा या दोन अर्थांतील दुवा असावा.

‘ॲडमायर’चा उल्लेख झालाच आहे तर त्याची हकीकत सांगितली पाहिजे. आज त्याचा अर्थ गुण पाहून प्रशंसा करणें असा आहे. परंतु शेक्सपीअरच्या काळीं तो निवळ नवल करणें या अर्थीं चाले. नवलापासून प्रशंसेपर्यंत तो हळूहळू सरकला. आतां मराठींतील ‘कौतुक’ पाहा. संस्कृतांत कौतुक म्हणजे कुतूहल, अपूर्वाई, उत्सवाचा मंगल थाट. विवाहप्रसंगीं हातांत बांधावयाच्या सूत्रासहि तेंच नांव. जुन्या मराठींत कौतुक म्हणजे नवल, लीला. आज आई मुलाचें कौतुक करते तेव्हां नवलाचा अंश अगदीं थोडा उरलेला असतो. उरली आहे ती मायेनें केलेली वाहवा. ॲडमायर आणि कौतुक यांचा एकमेकांशीं परिचय नव्हता, तरी दोघे एकाच वाटेनें एकाच गांवीं येऊन पोचले. मात्र दोहोंच्या बिऱ्हाडांत फरक आहे. इंग्रजी शब्द वर पाहतो, मराठी शब्द खालीं वांकतो. वडिलांचें कौतुक कोणी केलें तर कानास खटकतें. विद्यार्थ्यानें हा फरक ध्यानांत न घेतां ‘मी गांधीजींचें कौतुक करतों’ असें लिहिलें म्हणजे इंग्रजी चांगलें आणि मराठी बिघडलेलें, असा प्रकार होतो.

‘चकित’ या शब्दानेंहि असाच वेष पालटला आहे. संस्कृत काव्यांत चकित म्हणतांच भ्यालेली हरिणी डोळ्यांपुढें येते. चारीं बाजूंस बावरून पाहणारी, थरथरणारी. मराठीनें त्यांतली भीति काढून टाकली आणि नवल तेवढें ठेविलें. जी गोष्ट ॲस्टॉनिशची, तीच याची: आघात गेला, आश्चर्य राहिलें. भीतीची ती मूळ चमक मराठींत कोणाकडे आहे म्हणाल तर ‘दचकणें’ या देशी क्रियापदाकडे. इंग्रजी ‘स्टार्टल’ला याहून चांगला प्रतिशब्द जगांत नसेल, त्या इंग्रजी शब्दाचाहि प्राचीन अर्थ लाथा झाडणें, अंग झटकणें असाच आहे. दचकण्यांत अंग आधीं हलतें, मन मागून विचारतें.

‘आश्चर्य’ हा आपला सर्वांत कामसू शब्द. त्याच्यावर पाणिनीची नजर पडली होती. सूत्रांत त्याचा अर्थ ‘अनित्य’ या शब्दानें सांगितला आहे, म्हणजे जें नेहमीं घडत नाहीं तें. वार्तिककारास एवढ्यानें समाधान झालें नाहीं. ‘अनित्य’च्या जागीं ‘अद्भुत’ म्हणा, असें त्यानें सुचविलें. दोन सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वींचा हा वाद वाचतांना मोठी मौज वाटते. कारण नेहमीचें नसणें आणि अद्भुत असणें या दोहोंत जो फरक आहे, त्याच फरकावर अठराव्या शतकांतील एका स्कॉच तत्त्ववेत्त्यानें आपला निबंध उभारला.

तो तत्त्ववेत्ता म्हणजे ॲडम स्मिथ. अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपण त्यास ओळखतों. परंतु खगोलशास्त्राच्या इतिहासावर त्यानें एक निबंध लिहून ठेविला होता, तो त्याच्या मृत्यूनंतर १७९५ सालीं छापला गेला. आरंभींच तो तीन शब्द वेगळे करतो. नवें व अपूर्व पाहून जें वाटतें तें वंडर. अनपेक्षित पाहून वाटतें तें सरप्राइझ. थोर किंवा सुंदर पाहून वाटतें तें ॲडमिरेशन. मग तो सांगतो कीं जी वस्तु हजार वेळां पाहिलेली आहे तीहि नको त्या जागीं भेटली तर सरप्राइझ होतें. आणि जी थोर आहे ती कितीहि वेळां पाहिली तरी ॲडमिरेशन कमी होत नाहीं. फ्रान्समध्यें जिराराच्या १७१८ च्या ग्रंथापासून आणि इंग्लंडांत श्रीमती पिओझ्झी (१७९४) व क्रॅब (१८१६) यांच्या ग्रंथांपासून समानार्थक शब्द निवडण्याचें एक शास्त्रच त्या काळीं झालें होतें. पण स्मिथइतक्या थोडक्यांत आणि स्वच्छ निवाडा कोणीं केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

ही कसोटी आपल्या मुलांस शिकवावयाची तर उदाहरणें लंडनहून आणण्याचें कारण नाहीं. आषाढांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणाकडून नातेपुत्यास येते, तेथून माळशिरस, मग वेळापूर, आणि पुढें भंडीशेगांव-वाखरीच्या वाटेनें पंढरपूर. या टप्प्यांत सदाशिवनगर आणि खुडूस येथें गोल रिंगण होतें. वर्तुळाभोंवतीं माणसांची भिंत उभी असते. मधल्या मोकळ्या वाटेनें स्वाराचा अश्व आणि त्यापुढें माउलींचा रिकाम्या पाठीचा अश्व धांवूं लागतो. तेथें उभ्या असलेल्या प्रत्येकास पुढें काय होणार तें ठाऊक असतें. घोडा किती फेऱ्या घेईल, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळीं कशी लावतील, सगळें मागल्या वर्षींचेंच. म्हणजे सरप्राइझ तेथें औषधालाहि नाहीं. तरी घोडा समोरून गेला म्हणजे सत्तर वर्षांच्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावर जें उमटतें त्यास वंडर म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं; आणि मराठींत म्हणावयाचें तर आश्चर्य नव्हे, विस्मय. उलटपक्षीं त्याच वारकऱ्यास पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गर्दींत आपल्याच गांवचा शेजारी भेटला, तर शेजाऱ्यांत अपूर्व असें कांहींच नाहीं, रोज बांधावर दिसणारा तो. पण ‘तुम्ही, आणि हिकडं कुठं?’ हे शब्द तोंडांतून निघतातच. तें सरप्राइझ. एवढीं दोन उदाहरणें दिलीं म्हणजे नातेपुत्याच्या बाजूचा कोणताहि मुलगा हे दोन शब्द जन्मांत चुकणार नाहीं.

तिसरें उदाहरण कालव्याचें. पाऊस ज्या मुलखास नेहमीं हुलकावणी देतो तेथें नीरेचा उजवा कालवा विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत आला. ओसाड माळावर ऊस उभा राहिला. १९३२ सालीं सासवडकडील माळी बागाईतदारांनीं अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना काढला आणि त्याभोंवतीं माळीनगर वसलें. ज्या पिढीनें हे दोन्ही रंग पाहिले तिची मनःस्थिति ‘आश्चर्य’ या शब्दांत मावत नाहीं. तिला ‘नवल’च म्हटलें पाहिजे, कारण नवल या शब्दांत नवेपणा उघड बसलेला आहे. नवल जुनें होतें. तिसऱ्या पिढीस कालवा हा कालवाच असतो. विस्मयाचें तसें नाहीं. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळांत यादवकाळचे मराठी शिलालेख आहेत. ते पाहून आपल्या भाषेच्या वयाविषयीं जें वाटतें तें नवल नव्हे, कारण त्यांत नवें कांहींच नाहीं.

‘चमत्कार’ या शब्दाचें भाग्य मात्र खडतर. संस्कृत साहित्यशास्त्रांत काव्य वाचून रसिकास जो लोकोत्तर आनंद होतो त्यास चमत्कार म्हणत. सतराव्या शतकांतील जगन्नाथ पंडितानें तर काव्याची व्याख्याच त्याच्या आधारें उभी केली. हा शब्द मुळांत मिटक्या मारण्याच्या आवाजावरून झाला असावा, असें कित्येक पंडितांचें मत आहे. मराठींत तो साधुसंतांच्या भिंतींना चालवूं लागला, आणि ‘चमत्कारिक’ म्हटलें म्हणजे तर विक्षिप्त शेजारी आठवतो. अरबीतून आलेला ‘अजब’ अद्याप ताठ उभा आहे. वस्तुसंग्रहालयास ‘अजबखाना’ म्हणण्याची जुनी रीत होती ती गेली याचें वाईट वाटतें. ‘गहजब’ तर मुळीं रागाचा शब्द. अरबींत त्याचा अर्थ क्रोध.

शब्दांखेरीज मराठीजवळ दुसरीहि एक सामग्री आहे, ती अंगविक्षेपांची. तोंडांत बोट घालणें, आ वासणें, डोळे विस्फारणें, कपाळाला हात लावणें. चार्लस् डार्विननें १८७२ सालीं मनोविकारांच्या बाह्य चिन्हांवर ग्रंथ लिहिला, त्यांत लक्ष वेधणें, सरप्राइझ, ॲस्टॉनिशमेंट आणि शेवटीं जड करून टाकणारें अमेझमेंट, अशी चढती भाजणी लाविली आहे. भुंवया उचलल्या जातात, तोंड उघडतें, आणि अनेक देशांतील लोक तोंडावर हात ठेवतात, असें त्यानें नोंदविलें. आपलें तोंडांतील बोट फारशी भाषेंतहि आहे, तेथें तें दांतांखालीं असतें. इराणी चित्रांतील विस्मित माणसें ओठांशीं बोट नेऊन उभीं असतात.

वाक्यरचनेचा एक भेद सांगावयाचा राहिला, आणि शाळेंतील बहुतेक चुकांचें मूळ तेथें आहे. इंग्रजींत बातमी माणसाला सरप्राइझ करते. बातमी कर्ता, माणूस कर्म. मराठींत ‘मला आश्चर्य वाटलें’. येथें करणारें कोणी नाहीं आणि सोसणारें कोणी नाहीं. आश्चर्य हें सुख, दुःख, थंडी, भूक यांच्याप्रमाणें माणसाला येतें, वाटतें, होतें. म्हणून आपला विद्यार्थी ‘मी’ पासून वाक्य सुरू करून ‘आय सरप्राइझ्ड’ असें म्हणतो आणि न कळत आपण कोणावर तरी छापा घातल्याचें सांगून बसतो. ‘या बातमीनें मला चकित केलें’ ही रचना वर्तमानपत्रांनीं इंग्रजीवरून उचलली. ती आतां रुळली आहे. तिला हाकलून देण्याचा आग्रह मी धरणार नाहीं. परंतु घरांत अद्याप कोणी असें बोलत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

कँडीचें आणखी एक ऋण येथें नोंदविण्याजोगें आहे. मराठी लेखनांत विरामचिन्हांची पद्धत त्यानें रूढ केली. १८५० सालीं त्यावर पुस्तिकाहि लिहिली. तोंवर जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज फारसें कांहीं नसे. उद्गारचिन्ह आपल्याकडे आलें तें याच वाटेनें. त्यापूर्वींचा मराठी माणूस आश्चर्य दाखवीत नव्हता काय? दाखवीत होता, पण त्यासाठीं ‘केवढें’, ‘काय हो’, ‘अहाहा’, ‘अगबाई’ असे शब्द खर्ची घालीत होता. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपण त्यांस केवलप्रयोगी अव्यय म्हणून ओळखतों. चिन्ह आल्यावर शब्दांची काटकसर सुरू झाली. आज दूरध्वनीवरील निरोपांत एकापुढें एक तीन-चार उद्गारचिन्हें देऊन शब्द मुळींच न लिहिण्यापर्यंत ती काटकसर पोंचली आहे.

राहतां राहिली ती एक खरोखरीची उणीव, आणि ती कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. ‘सरप्राइझ देणें’ या व्यवहारास मराठींत नांव नाहीं. कोणाच्या वाढदिवशीं गुपचुप सारें जमवावयाचें, त्यास बेसावध गांठावयाचें, आणि तें सुखाकरितां. या गोड छाप्यास आश्चर्य, विस्मय, नवल यांपैकीं कोणताच शब्द बसत नाहीं, कारण ते सारे मनांत होणाऱ्या गोष्टींचीं नांवें आहेत आणि ही दुसऱ्यास द्यावयाची वस्तु आहे. म्हणून अकलूज-माळशिरसच्या घरांतहि मुलें सर्रास ‘सरप्राइझ’ म्हणतात, आणि त्यांनीं तसें म्हणण्यास माझी हरकत नाहीं. हरकत आहे ती ‘अमेझिंग’ला. पुरणपोळी अमेझिंग, चित्रपट अमेझिंग, नवी चप्पल अमेझिंग! पुरणपोळी खाऊन कोणी वाट चुकल्याचें ऐकिवांत नाहीं. तिला ‘अप्रतिम’ म्हणावें, ‘फर्मास’ म्हणावें, निदान ‘झकास’ तरी.

‘सरप्राइझ’मधील निवळ अनपेक्षितपणा मात्र मराठींत आहे, आणि तो नामांत नसून क्रियाविशेषणांत आहे. अवचित, अकस्मात, एकाएकीं, ध्यानींमनीं नसतां. इंग्रजी माणूस ज्या भावनेस नाम देतो ती मराठी माणूस क्रियेच्या पुढें लहानसा शब्द ठेवून सांगतो. पाहुणे अवचित आले. वळीव एकाएकीं आला. कालव्याला पाणी ध्यानींमनीं नसतां सुटलें. या तिन्ही वाक्यांचें भाषांतर करावयास सांगितलें आणि प्रत्येकांत सरप्राइझ हा शब्द यावा अशी अट घातली, तर दहावीच्या वर्गांतील मुलें तें सहज करतात, असा अनुभव आहे. उलट ‘आश्चर्य’ देऊन सुरुवात केली कीं तींच मुलें अडतात.